एक दुष्काळ, तीन सालं, चार नावं: बडोद्यातल्या एका संशोधिकेचं प्रकरण

छापून आलेलं संशोधन शोधणाऱ्याला सापडतच नव्हतं, असं हे प्रकरण. ते जिचं आहे, तिच्या परवानगीने लिहितो आहे. तिचं नाव, कॉलेज आणि ज्या घराण्याचे कागद तिने वाचले त्याची ओळख इथे दिलेली नाही. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. मी तिला ताई म्हणतो, ती मला काका म्हणते. म्हणून इथेही ती ताईच.

पार्श्वभूमी

ताई इतिहास शिकवते. वाढली रावपुऱ्याकडे, घरात मराठी, शाळेत गुजराती, पुढे इंग्रजी. आमच्या पिढीतल्या बडोदेकरांचं असंच असतं, एका वाक्यात तीन भाषा येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मोडी ती एका म्हाताऱ्या नातेवाइकाकडून शिकली. त्यांनी संस्थानी काळात कारकुनी केली होती.

तिच्या संशोधनाचा गाभा म्हणजे एका मराठी कारकुनी घराण्याच्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या. रुमालात बांधलेल्या तीसेक वह्या. त्यांतल्या दोन वह्यांमध्ये १८९९-१९०० च्या दुष्काळाचा काळ आहे. गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. १८९९ चा पाऊस गेला, चारा गेला, गुरं गेली, मग माणसं. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २४ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. त्या काळात या घरात बाजरी काय भावाने आली, तूरडाळ कधी बंद झाली, गवताची पेंढी कितीला मिळाली, गडीमाणसाला धान्याऐवजी रोख कधीपासून द्यायला लागले, हे सगळं दिवसागणिक लिहिलेलं आहे. सरकारी अहवालात जिल्ह्याचे सरासरी भाव मिळतात. एका घराच्या चुलीपर्यंत पोचणारा भाव क्वचित मिळतो.

ताईचा प्रबंध २००७ साली मान्य झाला. नंतर चार लेख आले: दोन इंग्रजीत, एक मराठीत, एक गुजरातीत. सगळ्यांत महत्त्वाचा २०१४ चा इंग्रजी लेख. त्यात दुष्काळातले भाव तक्त्यासह दिलेले होते.

अडचण

डिसेंबर २०२१ मध्ये ताई ग्रंथालयात आली ती हातात एका लेखाची छापील प्रत घेऊन. युरोपातल्या एका अभ्यासकाचा, पश्चिम भारतातल्या दुष्काळांवरचा लेख. त्यात एक वाक्य होतं: बडोदे संस्थानातले घरगुती पातळीवरचे भाव अद्याप उपलब्ध नाहीत.

ती काही बोलली नाही. त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती, इतकी जोरात ओढलेली की कागद फाटला होता.

पहिला विचार दोघांच्याही मनात एकच आला, की यांनी शोधलंच नाही. पण ग्रंथपालाचा स्वभाव असा की आधी स्वतः शोधून पाहायचं. मी त्या अभ्यासकाच्या जागी बसलो आणि गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर इंग्रजीत ‘बडोदा, दुष्काळ, १८९९, भाव’ असं टाकलं. ताईचा लेख पहिल्या पाच पानांत नव्हता. मग तिचं नाव टाकलं, तर चार वेगळ्या बायका सापडल्या.

हे चार बायकांचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण गुजरातेत शिकलेल्या हजारो मराठी मुलींचं असं झालेलं असणार. इथल्या प्रमाणपत्रांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. प्रबंधावर ताईचं नाव त्याच क्रमाने गेलं. इंग्रजी सूची करणारी यंत्रणा शेवटचा शब्द आडनाव समजते, म्हणून तिथे वडिलांचं नाव तिचं आडनाव होऊन बसलं. पहिल्या इंग्रजी लेखावर माहेरचं आडनाव आणि दोन आद्याक्षरं. २०१४ च्या लेखावर सासरचं आडनाव. आणि गुजराती नियतकालिकाने प्रेमाने नावाला ‘बेन’ जोडलं, तेही एकाच शब्दात. शिवाय आडनावातला ‘व’ एका ठिकाणी व्ही आणि दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यू. एका बाईचं पंधरा वर्षांचं काम चौघींत वाटलं गेलं होतं.

दुसरी गोष्ट मथळ्याची. २०१४ च्या लेखाचा मथळा फार सुंदर होता, दफ्तराच्या आवाजाबद्दल काहीतरी. त्यात बडोदे नव्हतं, दुष्काळ नव्हता, साल नव्हतं. सारांशात साल होतं, पण शके १८२१, कारण वहीत ते तसं होतं. गुजराती वाचक छप्पनियो किंवा संवत १९५६ शोधणार, इंग्रजी वाचक १८९९ शोधणार, आणि आमचा लेख शके १८२१ धरून बसलेला.

तिसरी, मराठी लेखाची पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. पडद्यावर छान मराठी दिसायची, पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा नुसता कचरा. शोधयंत्राला तो कचराच दिसतो. आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात नव्हता, कारण प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम २००९ चा, आणि तिचा प्रबंध त्याआधीचा.

मी हे सगळं कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “काका, म्हणजे मी त्यांना रागवायचं तरी कशाच्या जोरावर?”

समोर असलेले पर्याय

एक पर्याय संपादकांना तक्रारीचं पत्र पाठवण्याचा होता. मसुदा तयारही होता, दीड पानाचा.

दुसरा पर्याय त्याच आठवड्यात ईमेलने चालून आला. ‘यूजीसी-केअर यादीतील नियतकालिक, सात दिवसांत प्रकाशन, शुल्क माफक.’ केअर यादी म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी. ताईची सीएएस या प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेखालची पदोन्नती अडकलेली होती आणि जुनाच मजकूर नव्या मथळ्याने छापून आणला तर लोकांना सापडेल, असा एका सहकाऱ्याचा सल्ला होता. ती पैसे भरायच्या बेतात होती. मी त्याचा आयएसएसएन, म्हणजे प्रत्येक नियतकालिकाला मिळणारा ओळखक्रमांक, आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून पाहिला. तो क्रमांक खरा होता, पण एका जुन्या छापील नियतकालिकाचा. नाव तेच, संकेतस्थळ वेगळं. खऱ्या नियतकालिकाच्या अंकावरचा फोन लावला तेव्हा तिकडून कळलं की अशी कुठलीही वेबसाइट त्यांची नाही. ज्याला क्लोन म्हणतात तो हा प्रकार. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती केअर यादीच बंद केली, पण यादीत नाव आहे म्हणजे नियतकालिक खरं आहे असं तेव्हा सगळेच धरून चालत. आणि क्लोन नसता तरी तोच मजकूर दुसऱ्यांदा छापणं गैरच झालं असतं. हे मी तिला जरा कठोरपणे सांगितलं.

तिसरा पर्याय समाजमाध्यमांचा: यूट्यूब, इन्स्टाग्राम, रोज एक मोडी शब्द. तिच्या मुलीने आग्रह धरला होता. मला तो वाईट वाटला नाही, पण सापडण्याजोगं काहीही मागे नसताना लोकांना आधी बोलावून घ्यायचं कुठे, हा प्रश्न होता.

चौथा, संथ पर्याय: आहे ते काम नीट लावणं. एक नाव, उघडी फाइल, वेगळी माहिती-सारणी, तिन्ही भाषांत सारांश. आणि मग ज्यांना खरोखर उपयोग होईल अशा मोजक्या माणसांना पत्रं. ताईने हा निवडला, पण आनंदाने नाही. तिला वाटत होतं की तिला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवलं आहे.

काय केलं

सुरुवात ऑर्किड या संशोधकांच्या ओळखक्रमांकापासून केली. २०१२ पासून चालू असलेला हा सोळा आकडी क्रमांक फुकट मिळतो, आणि माणसाने आडनाव बदललं, गाव बदललं, नोकरी बदलली तरी बदलत नाही. त्यात ‘इतर नावं’ असा रकाना असतो. ताईने चारही रूपं तिथे लिहिली. पुढे कोणतं नाव वापरायचं यावर तिने आठवडाभर विचार केला. मी काही सुचवलं नाही, तो माझा प्रश्न नव्हता. शेवटी तिने नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव असा क्रम ठरवला आणि तो आजतागायत मोडलेला नाही.

गूगल स्कॉलरवर प्रोफाइल करून विखुरलेले लेख एकत्र आणले. तिथे एक अनपेक्षित खोडा आला. शोधात प्रोफाइल दिसायचं तर संस्थेच्या ईमेल पत्त्यावरून पडताळणी लागते, आणि आमच्या कॉलेजचा सगळा कारभार जीमेलवर. कॉलेजच्या नावाच्या पत्त्यासाठी अर्ज केला. चार महिने गेले. अशा क्षुल्लक गोष्टीसाठी किती चांगली माणसं अंधारात राहत असतील, या विचाराने मला तेव्हा फार वाईट वाटायचं, आजही वाटतं.

मग २०१४ चा लेख. ताईला छापील पीडीएफच रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर टाकायची होती, “सगळेच टाकतात” म्हणून. पण तिने हक्क प्रकाशकाकडे दिलेले होते. २०१७ मध्ये दोन मोठ्या प्रकाशकांनी याच मुद्द्यावर रिसर्चगेटविरुद्ध जर्मनीत खटला भरला होता. आम्ही करारपत्र शोधलं. त्यात स्पष्ट होतं की छापील रूप नाही, पण परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारलेली हस्तलिखित प्रत दोन वर्षांनंतर खुली ठेवता येईल. मुदत कधीच उलटली होती. अडचण एवढीच, की ती प्रत ताईकडे नव्हती. संगणक बदलला होता, पेनड्राइव्ह हरवला होता. अखेर २०१३ च्या ईमेलमध्ये, संपादकांना पाठवलेल्या जोडणीत ती सापडली. त्या दिवशी ग्रंथालयात आम्ही चहाबरोबर शेव-उसळ मागवली.

सगळ्यांत जास्त वेळ माहिती-सारणीला लागला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं सार तिथेच आहे. वहीतले भाव मण-शेरात, पैसा कधी बाबाशाही, कधी कलदार. बाबाशाही हे बडोदे संस्थानचं स्वतःचं नाणं. नेमकी त्याच सुमारास त्याची जागा ब्रिटिश कलदार रुपया घेत होता. दोन्हींतला बट्टा, म्हणजे अदलाबदलीचा दर, बदलत असे. नुसता आकडा दिला तर बाहेरचा वाचक त्याला इंग्रजी रुपया समजणार आणि दुष्काळ खरा होता त्याहून वेगळाच दिसणार. म्हणून ताईने रकाने असे केले: वहीतली मूळ नोंद जशीच्या तशी देवनागरीत, वहीतली तिथी, इंग्रजी तारीख, माप, नाणं, आणि रूपांतर सगळ्यांत शेवटी, वेगळ्या रकान्यात. रूपांतर कुणाला पटलं नाही तर तो मूळ आकड्याकडे जाऊ शकतो. साल तीनही पद्धतींनी दिलं: शके, संवत, इसवी.

सारणी झेनोडोवर ठेवली. युरोपातल्या सर्न या संस्थेने चालवलेलं हे भांडार २०१३ पासून आहे आणि ते प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक देतं. म्हणजे सारणीचाही लेखासारखा संदर्भ देता येतो. तिचा मथळा मुद्दाम रुक्ष ठेवला: गावाचं नाव, साल, कशाचे भाव, कोणत्या प्रकारच्या वह्यांतून. खाली इंग्रजी, मराठी आणि गुजराती सारांश. गुजराती सारांशाच्या पहिल्याच ओळीत छप्पनियो हा शब्द.

त्याआधी घराण्याची परवानगी घेतली, आणि हा खरा कठीण निर्णय होता. वह्यांत कर्जं आहेत, एका विधवा सुनेला मिळणाऱ्या पोटगीची नोंद आहे, सावकारांची नावं आहेत. घरातले मोठे काका म्हणाले, “भाव द्या, आमची अब्रू देऊ नका.” ताईची इच्छा पानांची छायाचित्रंही खुली करायची होती. अभ्यासक म्हणून ती बरोबर होती. पण वह्या तिच्या नव्हत्या. फक्त भावांची सारणी खुली झाली, माणसांची नावं गाळली, आणि काय गाळलं आहे हे सारणीसोबतच्या टिपणीत लिहिलं.

तक्रारीचं दीड पान फाडून ताईने त्या युरोपीय अभ्यासकाला आठ ओळींचं पत्र पाठवलं: तुमचा लेख वाचला, माझा २०१४ चा लेख आणि सारणी सोबत देत आहे, बाबाशाही-कलदार बट्ट्याबद्दल तुमचं मत ऐकायला आवडेल. तक्रारीचा एक शब्द नाही. आणखी पाच जणांना तशीच पत्रं, प्रत्येकाला त्याच्या कामातला नेमका मुद्दा धरून.

काय झालं

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी माफी मागितली आणि आपण कोणते शब्द शोधले होते तेही कळवलं. मी ग्रंथालयात टाकले होते जवळपास तेच. ताईचा राग त्या दिवशी गेला. त्यांच्या पुढच्या लेखात सारणीचा संदर्भ आला. हवामानाच्या इतिहासावर काम करणाऱ्या एका गटानेही विचारणा केली, कारण १८९९ हे एल निनोचं वर्ष होतं आणि पावसाच्या आकड्यांशेजारी बाजारभाव ठेवायला त्यांना हवे होते. बाकीच्या चार पत्रांना उत्तर आलं नाही.

एक चूक सारणी प्रसिद्ध झाल्यावर लक्षात आली. नोंदी उतरवायला एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींनी उन्हाळाभर मदत केली होती आणि त्यांची नावं कुठेच नव्हती. आपलं नाव चौघींत वाटलं गेलं म्हणून जी वर्षभर हळहळली, तिच्याच हातून हे झालं, याचं ताईला फार लागलं. झेनोडोवर नवी आवृत्ती करता येते. दुसऱ्या आवृत्तीत दोघी सहकर्त्या म्हणून आल्या.

मग दांडिया बाजारातल्या एका सभागृहात व्याख्यान झालं, अर्धं मराठी, अर्धं गुजराती. माणसं पुष्कळ आली. एका स्थानिक वृत्तपत्राने बातमी केली आणि मथळा असा दिला की संस्थानाने दुष्काळ लपवला होता. ताई असं बोललीच नव्हती. सयाजीरावांच्या काळातलं दुष्काळ-निवारण हा वेगळा, गुंतागुंतीचा विषय आहे, आणि एका घराच्या वहीवरून त्यावर निवाडा देता येत नाही, हेच तर ती तासभर सांगत होती. घराण्यातले मोठे काका दुखावले. दुरुस्तीचं पत्र छापून आलं, आतल्या पानावर, चार ओळी. त्या काकांनी दोन महिने ताईचा फोन घेतला नाही.

पदोन्नती मिळाली, पण उशिरा, आणि तिचा या सगळ्याशी संबंध किती हे मला ठरवता येत नाही.

आज पुन्हा करायचं तर

नावाचा निर्णय प्रबंधाच्या दिवशीच व्हायला हवा होता. मी ग्रंथपाल असताना नव्याने नोंदणी करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे विचारायला हवं होतं, आणि २०२२ पर्यंत मी ते एकदाही विचारलं नाही.

गुजराती सारांश आम्ही सगळ्यांत शेवटी, घाईने केला. वास्तविक या शहरात आणि या विषयाला सर्वांत जास्त वाचक त्याच भाषेतले. छप्पनियाच्या आठवणी ज्यांच्या घरात अजून सांगितल्या जातात, त्यांच्यापर्यंत पोचायला आम्ही परदेशी नियतकालिकाच्या वाटेने गेलो. व्याख्यानालाही वार्ताहरासाठी एक पान लिहून न्यायला हवं होतं: मला काय सापडलं, आणि मी काय म्हणत नाही. दुसरा भाग जास्त गरजेचा. आता ताई तसं पान नेते.

पण ज्या निर्णयाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो तो वेगळाच आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात छायाचित्रं काढताना आम्ही फक्त दुष्काळाच्या दोन वह्या घेतल्या. लेख त्यांच्यावर होता, मागणी त्यांना होती, वेळ थोडा होता. मग सगळ्या वह्या पुन्हा रुमालात बांधून घराण्याच्या तळमजल्यावरच्या कपाटात परत ठेवल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला पूर आला. शहराचा मोठा भाग दोन-तीन दिवस पाण्यात होता. त्या कपाटाचे खालचे दोन खण बुडाले.

दुष्काळाच्या दोन्ही वह्या भिजल्या. त्यांची छायाचित्रं होती म्हणून त्या वाचता येतात. इतर अठरा वह्यांची शाई पसरली, काहींची पानं एकमेकांना कायमची चिकटली. त्यांत काय होतं हे फक्त ताईला थोडंफार आठवतं, तेही टिपणांपुरतं. काम लोकांसमोर आणण्याच्या खटपटीत, जे अजून कामच झालेलं नव्हतं ते जपायचं आमच्या ध्यानात आलं नाही.

पूर ओसरल्यावर पहिला फोन मोठ्या काकांनीच ताईला केला. आता दर शनिवारी दुपारी आम्ही तिघं आणि त्या दोघी विद्यार्थिनी त्यांच्या वरच्या मजल्यावर बसतो. पानांमध्ये टिपकागद घालायचा, सुटेल ते पान अलगद सोडवायचं, छायाचित्र काढायचं, त्यावर वहीचं साल लिहायचं. तिन्ही पद्धतींनी. अकरा वह्या राहिल्या आहेत.